रेमिंग्टन आणि विंचेस्टर कायद्याने बुडाल्या नाहीत

अमेरिकेतल्या जुन्या शिकारी रायफल कंपन्यांबद्दल एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, आशय तोच राहतो: "विंचेस्टर, रेमिंग्टन, मार्लिन या शंभर-दोनशे वर्षांच्या कंपन्या बंदूकविरोधी कायद्यांनी मारल्या. शिकारी उरले नाहीत. १९६४ साली हिशेबनिसांनी विंचेस्टरचा जीव घेतला, पुढे बँकवाल्यांनी रेमिंग्टनचा. हल्लीच्या चारशे डॉलरच्या रायफली म्हणजे प्लॅस्टिकची खेळणी. आजोबांची बंदूक तीच खरी."

यातली दोन-तीन वाक्यं अर्धी खरी आहेत. म्हणूनच मजकूर मरत नाही. एकेक घेऊ.

"कायद्यांनी मारलं"

भारतात बसून हे चटकन पटतं, कारण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार खरोखरच संपवली. अमेरिकेत तसं काही घडलेलं नाही. तिथे १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं काही अर्धस्वयंचलित रायफलींवर केंद्रीय बंदी होती. त्या कायद्याला एक लांबलचक परिशिष्ट जोडलेलं होतं. कोणकोणत्या बंदुकांना हा कायदा लागू नाही, याची सहाशेहून जास्त मॉडेलांची नाववार यादी. रेमिंग्टन ७००, विंचेस्टर ७०, मार्लिन ३३६ ही तिन्ही त्या यादीत आहेत. म्हणजे कायद्याने नाव घेऊन ज्यांना हात लावला नाही, त्याच बंदुका बनवणारे पुढे बुडाले.

आता तारखा बघा. २००५ मध्ये तर अमेरिकी संसदेने बंदूक उत्पादकांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा केला. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च २००६ मध्ये बंद पडला. रेमिंग्टनने पहिली दिवाळखोरी मार्च २०१८ मध्ये जाहीर केली, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये बंदूकधार्जिणं सरकार होतं. दुसरी जुलै २०२० मध्ये. त्या वर्षी बंदूक खरेदीशी जोडलेल्या पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेला, तोवरचा उच्चांक. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री असं नसतं, परवान्यांसाठीही तपासणी होते. तरी दुकानांतल्या मांडण्या रिकाम्या होत्या आणि रेमिंग्टन न्यायालयात होती, ही वस्तुस्थिती आहे. या धंद्यात कायद्याची भीती विक्री वाढवते. भीती ओसरली की विक्री बसते, आणि २०१७-१८ मध्ये नेमकं तेच झालं.

सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडाच्या खटल्याचाही दाखला देतात. त्यात वापरलेली बंदूक रेमिंग्टन समूहातली अर्धस्वयंचलित बुशमास्टर होती, शिकारी रायफल नव्हे. ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड फेब्रुवारी २०२२ ची, आणि पैसे विमा कंपन्यांनी भरले. तोवर रेमिंग्टनचे तुकडे होऊन विकूनही झाले होते.

उलट काही राज्यांच्या नियमांनी जुन्या घाटणीच्या रायफलींना नवं गिऱ्हाईक मिळवून दिलं. ओहायो, मिशिगन, आयोवा अशा सपाट राज्यांत हरणासाठी कित्येक भागांत फक्त शॉटगन चालायची, कारण रायफलची गोळी फार लांब जाते. २०१४ पासून एकेक राज्याने सरळ भिंतीच्या काडतुसांना परवानगी दिली. बाटलीसारखी मान नसलेलं काडतूस, त्यामुळे वेग कमी आणि पल्ला आटोक्यात. .४५-७० हे १८७३ सालचं काडतूस ओहायो, आयोवाच्या नियमांत बसतं, आणि त्याची लिव्हर रायफल (चापाखालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची) ही मार्लिनची खासियत.

एका ठिकाणी मात्र या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. न्यूयॉर्क राज्यातला रेमिंग्टनचा इलियनचा कारखाना मार्च २०२४ मध्ये कायमचा बंद करून नव्या मालकांनी जॉर्जियात बस्तान हलवलं, तेव्हा एका पत्रात राज्यातल्या कायदेविषयक वातावरणाचं कारण दिलं होतं. पण त्याच पत्रात देखभालीचा आणि विम्याचा खर्चही होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या बहुमजली विटांच्या इमारती, क्षेत्रफळ सुमारे दहा लाख चौरस फूट, आणि आत काम करणारी माणसं तीनशेच्या आत. हिवाळ्यात ती जागा नुसती उबदार ठेवायची म्हटली तरी बिल किती येईल? शिवाय सॅव्हेज ही दुसरी रायफल कंपनी आजही मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डला रायफली बनवते, आणि बंदुकांच्या बाबतीत मॅसॅच्युसेट्सइतकी कडक राज्यं अमेरिकेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

"शिकारीच उरले नाहीत"

शिकार परवाने घेणाऱ्यांची संख्या १९८२ च्या सुमारास शिखरावर होती, १ कोटी ६७ लाखांच्या आसपास. अलीकडे ती दीड कोटीच्या आसपास आहे. लोकसंख्या मधल्या काळात दहा कोटींनी वाढली, तेव्हा प्रमाण घसरलं हे कबूल. पण दहाएक टक्के गिऱ्हाईक चाळीस वर्षांत कमी झालं म्हणून दोनशे वर्षांची कंपनी बुडत नाही.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती कुणी फारशी बोलत नाही. शिकारी रायफल झिजत नाही. .३०-०६ या काडतुसाच्या रायफलीची नळी काही हजार गोळ्या सहज झेलते. चार हजार धरू. हरणाचा शिकारी वर्षाला काडतुसांचे दोन डबे, म्हणजे चाळीस गोळ्या उडवतो, त्यातल्या बहुतेक दुर्बीण जुळवताना. झाली शंभर वर्षं. विंचेस्टरने मॉडेल ९४ सत्तर लाखांहून जास्त विकल्या, रेमिंग्टनने मॉडेल ७०० पन्नास लाखांच्या घरात. त्यातल्या बहुतेक अजून चालतात. कारखान्यातून आज निघालेल्या रायफलीला टक्कर द्यावी लागते ती गावच्या दुकानात निम्म्या किमतीला टांगलेल्या, त्याच कंपनीच्या १९७५ सालच्या रायफलीशी. अर्धस्वयंचलित बंदूक घेणारा एका दुपारी दोनशे गोळ्या उडवतो, वर दांडे, पकडी, दुर्बिणी बदलत राहतो. पैसा तिकडे गेला तो कायद्यामुळे नव्हे, गिऱ्हाईक पुन्हापुन्हा दुकानात येतं म्हणून.

"१९६४ साली हिशेबनिसांनी विंचेस्टर मारली"

हा मुद्दा सगळ्यात लाडका, आणि निम्मा बरोबर. १९६४ च्या मॉडेल ७० मध्ये काय गेलं ते आधी नीट पाहू.

जुन्या ७० मध्ये बोल्टच्या, म्हणजे काडतूस भरायला हाताने मागेपुढे करायच्या पोलादी दांड्याच्या, बाजूला लांब, पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) होता, जर्मन माउझर रायफलीच्या धर्तीचा. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड या पंजाखाली सरकते आणि तिथून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, जाईपर्यंत बोल्टच्या ताब्यात राहते. बंदूक तिरकी असो, उलटी असो, काडतूस पडत नाही. १९६४ नंतर बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो, आणि बोल्ट पूर्ण बंद होताना छोटा आकडा कडेवरून चटकन बसतो. फरक जाणवतो तो घाईत. अर्धवट पुढे नेलेला बोल्ट घाबरून मागे ओढला, तर पहिलं काडतूस चेंबरमध्येच राहतं, कारण आकडा अजून बसलेलाच नसतो. पुन्हा पुढे ढकललं की दुसऱ्या काडतुसाचं टोक पहिल्याच्या बुडावर आपटतं आणि बंदूक अडकते. अलास्कात अस्वलासमोर हे महागात पडेल. पेनसिल्व्हेनियात मचाणावर बसून हरणाची वाट पाहणाऱ्याला आयुष्यात एकदाही फरक पडत नाही. अचूकतेत नवी ७० जुनीपेक्षा कमी नव्हती.

मॉडेल ९४ चं नुकसान जास्त दिसणारं होतं. काडतूस वर उचलणारा भाग पत्र्यातून ठोकून काढलेला, भरीव पिनांच्या जागी पत्रा गुंडाळून केलेल्या पोकळ पिना, आणि रिसीव्हरचं (नळी आणि आतली यंत्रणा ज्यात बसते तो सांगाडा) पोलाद असं की नेहमीच्या क्षारांत ब्लूइंग, म्हणजे काळा मुलामा, धरतच नाही. आजही त्या काळची ९४ पुन्हा काळी करायला नेली तर रिसीव्हर जांभळट तरी होतो नाहीतर करडा राहतो, आणि जाणता गनस्मिथ काम घेतानाच तसं सांगतो. नव्या ७० च्या लाकडावरची जाळी हाताने कोरण्याऐवजी गरम साच्याने दाबलेली होती. गिऱ्हाईक दुकानात हात फिरवतं ते नेमकं तिथेच. वाचवलेले पैसे बोल्टमध्ये दिसले नसते, दस्त्यावर दिसले.

पण हिशेबनीस आले कशासाठी? जुन्या ७० चा रिसीव्हर पोलादाच्या ठोकळ्यातून कापून काढायचा, बरंचसं पोलाद चुऱ्यात जायचं, आणि टप्प्याटप्प्यावर कारागिराचा हात लागायचा. रेमिंग्टनने १९४८ मध्ये ७२१ आणि ७२२ काढल्या, त्यांचा रिसीव्हर गोल. लेथवर फिरवला की बहुतेक काम झालं. माउझरमध्ये रिसीव्हरच्याच अंगाला असलेला, धक्का पेलणारा खुंट इथे वेगळा, जाड वॉशरसारखा. नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये चिमटून बसवलेला. १९६२ ची ७०० म्हणजे हीच रचना, बऱ्या लाकडासह. तीही ढकलणारीच, काटकसरीचीच, आणि तिच्यावर रेमिंग्टन पन्नास वर्षं जगली. तिचेही दोष आहेत. हँडल बोल्टला डाग देऊन जोडलेलं असतं, अडकलेलं काडतूस काढताना हातोडी मारली तर तुटून हातात येतं. एक्स्ट्रॅक्टरची बारीक कडी कधी कधी मोडते. पण स्वस्त केल्याने कंपनी मरते, हा सिद्धांत याच बंदुकीपाशी कोसळतो.

विंचेस्टर त्यानंतरही चार दशकं चालली. १९७९-८० चा लांबलेला संप, १९८१ मध्ये कारखान्याची विक्री, १९८६ ची दिवाळखोरी, मग बेल्जियमच्या एफएनकडे मालकी. पंजावाला एक्स्ट्रॅक्टर १९९० च्या दशकात परतही आला. २००६ मध्ये टाळं लागलं तेव्हा आत दोनशेच्या आत माणसं उरली होती, जिथे दुसऱ्या महायुद्धात हजारो राबत.

"चारशे डॉलरची रायफल म्हणजे खेळणं"

हे साफ चूक. आणि ते का चूक आहे हे कळलं की जुन्या कंपन्या का मागे पडल्या तेही कळतं.

बोल्ट रायफलमध्ये सगळ्यात नाजूक माप म्हणजे हेडस्पेस: बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं ती जागा, यांतलं अंतर. कमी झालं तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झालं तर काडतुसाची पितळी केस ताणून फाटते आणि गरम वायू मागे येतो. जुन्या पद्धतीत नळीला खांदा असतो. ती रिसीव्हरमध्ये खांद्यापर्यंत घट्ट आवळायची आणि मग माप जुळेपर्यंत चेंबर थोडं थोडं कोरायचं, किंवा खांदा घासायचा. प्रत्येक बंदुकीला स्वतंत्र, आणि हात बसलेला कारागीर हवा.

सॅव्हेजच्या ११० ने १९५८ मध्ये ही कटकटच काढून टाकली. नळीवर खांद्याऐवजी लांब आटे आणि एक मोठा नट. चेंबर आधीच पूर्ण कोरलेलं. किमान मापाचा गेज (मोजमापाचा ठोकळा) चेंबरमध्ये ठेवायचा, बोल्ट बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत हाताने फिरवायची आणि नट आवळायचा. मग कमाल मापाचा गेज घालून बघायचं. त्यावर बोल्ट बंद व्हायला नको. आवळताना नळी किंचित फिरते, म्हणून पहिला गेज पुन्हा एकदा घालून तपासतात. नवखा कामगारही हे काही मिनिटांत करतो. शिवाय बोल्टचं डोकं वेगळं आणि थोडं सैल, त्यामुळे बोल्टला रिसीव्हरमध्ये अडवणारे दोन्ही खुंट आपोआप सारखे टेकतात. दुसरीकडे याच कामासाठी तासन्‌तास घासावं लागतं.

१९८८ मध्ये सॅव्हेज दिवाळखोरीत गेली तेव्हा नव्या व्यवस्थापनाने बाकी जवळपास सगळं बंद करून फक्त ११० चालू ठेवली. कंपनी उभी राहिली ती त्या नटावर. २०११ च्या अखेरीस रुगर कंपनीने अमेरिकन नावाची रायफल ४४९ डॉलरला आणली: तोच नट, थंड ठोकून घडवलेली नळी, आणि साच्यातल्या प्लॅस्टिक दस्त्यात पोलादाचे दोन इंग्रजी व्ही आकाराचे ठोकळे, ज्यांवर रिसीव्हर घट्ट बसतो. अशा रायफली शंभर यार्डांवर इंच-दीड इंचात तीन गोळ्या बसवतात. १९५५ साली त्यासाठी गनस्मिथकडे वेगळे पैसे मोजावे लागत.

खोट कुठे असते? दस्त्याच्या पुढच्या भागात. स्वस्त प्लॅस्टिक लवचीक असतं, दोन पायांच्या टेकूवर भार दिला किंवा पट्टा ताणला की ते नळीला टेकतं आणि गोळी सरकते. तपासायचं असेल तर बंदूक रिकामी करून टेकूवर ठेवा, वरून दाब द्या आणि नळी व दस्ता यांच्यामधून एक नोट सरकवून बघा. अडली तर आतून थोडं घासून जागा करावी लागते. लाकडी दस्त्याचे भक्त हे विसरतात की पावसात फुगलेलं अक्रोडाचं लाकूडही नळी अशीच ढकलतं.

"मार्लिन तशीच चालू ठेवायला काय हरकत होती?"

हरकत यंत्रांची होती. रेमिंग्टनच्या मालकांनी मार्लिन २००८ च्या सुरुवातीला ताब्यात घेतली, २०११ पर्यंत नॉर्थ हेवनचा कारखाना बंद केला आणि उत्पादन इलियनला नेलं. यंत्रं दशकानुदशकं जुनी, झिजलेली. त्यांची झीज सांभाळून घेणारी माणसं घरी गेली. कागदावरची मापं आणि प्रत्यक्षात बनणारा भाग जुळत नव्हता, कारण मधल्या काळातल्या दुरुस्त्या कामगारांच्या हातात होत्या, नकाशावर नव्हत्या. त्या वर्षांतल्या रायफलींना लोक "रेमलिन" म्हणून हिणवत. लाकूड आणि पोलाद यांच्यात फट, लिव्हर खरखरीत, आणि नेम धरायची पुढची माशी तिरकी. माशी तिरकी का? तिची खाच नळीत आधीच कापलेली असते. नळी आवळल्यावर ती खाच बरोबर माथ्यावर यावी लागते. आटे थोडे जरी पुढेमागे सुरू झाले तर नळी काही अंश जास्त फिरते, आणि माशीही.

पुढे ते बऱ्यापैकी सुधारलं, पण तोवर दिवाळखोरी आली. रुगरने २०२० मध्ये मार्लिन सुमारे ३ कोटी डॉलरला घेतली, भाग संगणकावर नव्याने रेखाटले, नॉर्थ कॅरोलायनातल्या मेयोडनमध्ये संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर ते काढले आणि डिसेंबर २०२१ मध्ये पहिली मॉडेल १८९५ बाजारात आणली. वापरलेली घेताना ओळख अशी: नळीवर रिसीव्हरजवळ अंडाकृतीत "जेएम" हा ठसा असेल तर जुन्या कारखान्याची नळी. क्रमांकाच्या सुरुवातीला "एमआर" असेल तर रेमिंग्टनच्या काळातली. "आरएम" असेल आणि दस्त्याच्या पोटातली गोल टिकली लाल-पांढरी असेल तर रुगरची. मधल्या गटातली घ्यायची तर मागून नजर लावून माशी आणि रिसीव्हरचा माथा एका रेषेत आहेत का ते बघूनच.

"बँकवाल्यांनी लुटलं"

यात खरेपणा सर्वांत जास्त, फक्त तो रेमिंग्टनपुरता. सर्बेरस या गुंतवणूक कंपनीने २००७ मध्ये रेमिंग्टन घेतली. कर्जासकट किंमत ३७ कोटी डॉलरच्या आसपास. बुशमास्टर, मार्लिन वगैरे एका छत्राखाली आणल्या आणि पुढची कर्जं या समूहाच्या डोक्यावर चढत गेली. २०१८ मध्ये बोजा सुमारे ९५ कोटी डॉलर होता. मधल्या काळात अलाबामातल्या हंट्सव्हिलला नवा कारखाना, दोन हजारांच्या आसपास नोकऱ्यांचं आश्वासन, सरकारी सवलती. नोकऱ्या निम्म्यावरही पोचल्या नाहीत. आर५१ पिस्तूल २०१४ मध्ये बाजारात आलं आणि त्याच वर्षी परत घ्यावं लागलं. २०२० मध्ये तुकडे विकले गेले तेव्हा काडतुसांचा धंदा आणि नाव ८ कोटी १४ लाखांना गेलं, आणि बंदुकांचा मुख्य धंदा अवघ्या १ कोटी ३० लाखांना. पण विंचेस्टर बुडाली तेव्हा तिथे ना सर्बेरस होती ना असं कर्ज.

"आजोबांची बंदूक तीच खरी"

आजोबांची बंदूक रेमिंग्टन ७०० असेल तर आधी चाप बघा.

रेमिंग्टनचे अभियंता माइक वॉकर यांनी आखलेल्या जुन्या चापात मुख्य तुकड्यासमोर एक पातळ पट्टी असते, कनेक्टर. ती कशालाही जोडलेली नसते, स्प्रिंगच्या जोरावर टेकलेली असते. गोळी सुटताना ती क्षणभर सुटी होते आणि मागे फट पडते. त्या फटीत वाळलेलं तेल, धूळ, बर्फ, धातूचा कण अडकला की पट्टी जागेवर पूर्ण परतत नाही. सेफ्टी लावली की सीअर (गोळी उडवणारी पिन अडवून धरणारा तुकडा) वर उचलला जातो. सेफ्टी काढली की तो खाली येतो, खाली पट्टी नसते, आणि चापाला बोटही न लावता गोळी सुटते. वॉकर यांनीच १९४८ मध्ये यावर उपाय सुचवला होता. खर्च दर बंदुकीमागे साडेपाच सेंट. तो केला गेला नाही. १९८२ पर्यंत भर म्हणजे सेफ्टी लावली की बोल्टही कुलूपबंद व्हायचा, म्हणजे बंदूक रिकामी करायलाच सेफ्टी काढावी लागे.

२००६ पासून आलेल्या एक्स-मार्क प्रो चापात ती पट्टी नाही, पण एप्रिल २०१४ मध्ये तोही परत बोलावला गेला, जोडणीत चिकटद्रव्य जास्त लागल्यामुळे. चापाच्या पुढच्या अंगावर उभ्या रेघा असतील तर तो बहुधा वॉकरचा. अंग गुळगुळीत असेल तर एक्स-मार्क प्रो असू शकतो, मग १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळातली बंदूक आहे का ते क्रमांकावरून तपासावं लागतं. सामूहिक दाव्यातल्या तडजोडीने मोफत चाप बदलून मिळायची मुदत २०२० मध्ये संपली. आता गनस्मिथकडून दुसऱ्या कंपनीचा चाप बसवून घ्यायचा. अख्खी पेटी दोन पिनांवर असते, काम मोठं नाही. १९८२ च्या आधीची असेल तर बोल्टचं कुलूपही त्याच फेरीत काढायला सांगायचं. तोवर ती भरून ठेवायची नाही, आणि आत काडतूस राहिलंच असेल तर सेफ्टीला बोट लावण्याआधी नळी जमिनीकडे वळवायची.